मागे नेणारे बटण

सन १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ जपानात आला. पुढच्याच वर्षी ओसाकातील एका गेम सेंटरमध्ये आपण त्यात विक्रम केला, असे हिसाओ मोरिकुबो मित्रांना सांगत आले. निवृत्तीनंतर हातात धरून खेळायच्या कन्सोलवर तोच खेळ खेळून त्यांनी त्याहून मोठी गुणसंख्या दाखवली.

“आमच्यासमोर खेळ की, चॅम्पियन!” त्यांचे मित्र शिगेमात्सु म्हणाले.

खेळता खेळता शत्रूच्या माऱ्याने पडद्यावरची आपली तोफ फुटताच मोरिकुबोंच्या अंगठ्याने सवयीने एक बटण दाबले. खेळ उलटा सरकला आणि फुटलेली तोफ पुन्हा उभी राहिली.

“असा जिंकतोस होय रे? मग तेव्हाचं ओसाकातलं तरी खरं होतं का?” शिगेमात्सुंनी विचारले.

गेम सेंटरमधले ते जुने यंत्र बंद होताच त्यातले गुणांचे आकडे पुसले जात. तो विक्रम झाला होता की नाही, हे अद्याप अज्ञात आहे.