मिरच्यांचा ठसका

आज सकाळी भाऊ फोडणी करत होता, त्यात सुकी मिरची करपली आणि खोकता खोकता मला आमची मालाडची जुनी खोली आठवली. तेव्हा तो कॉलेजात होता. पंख्यातून माणसं शिव्या देतात म्हणून पंखा लावू देईना, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताटाला हात लावीना. बाबांच्या मते पोराला नजर लागली होती. गावी नेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं की झालं. डॉक्टरचं नाव काढलं की ओरडायचे, "माझो झील येडो नाय!" आई वाद घालत बसली नाही. एका संध्याकाळी तिनं भावावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि तापल्या तव्यात टाकल्या. नजर असेल तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात, बाबा तर जास्तच. पण त्या दिवशी भाऊ खोकला, मी खोकले, बाबा डोळे पुसत गॅलरीत पळाले. "बघितलात? नजर नाय ही," आई दारातून म्हणाली. "उद्या हॉस्पिटलात नेऊया. गावाक मगे जाऊ." सकाळी भावाचा हात धरून बाबाच आधी रिक्षात बसले. आज त्याची गोळी चालू आहे, नोकरीही. मी खिडकी उघडली आणि भाजी निवडत बसलेल्या आईला विचारलं, "नजर काढायला मिरच्या किती घ्यायच्या गं?" "चार-पाच." "आणि त्या दिवशी?" तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी? अख्खो डबो."