डॅनिश कवितेची झील

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, उद्यावर टाकलं तर मी ते नीटनेटकं करून टाकीन आणि मग ते खरं वाटणार नाही. शीलाआत्या गेली तेव्हा मी तलासरीहून डहाणूला जाणाऱ्या एसटीत होते. मांडीवर एका लांबलचक डॅनिश कवितेच्या प्रिंट्स आणि डोक्यात तिच्याशी भांडायचे मुद्दे. तिच्या शेजारच्या निर्मलाकाकूंचा फोन आला. "कुठवर आलीस?" म्हटलं, निम्म्यात. "मग सावकाश ये गं आता... घाई नको करू." काय झालं ते विचारायची गरजच उरली नाही.

आत्या तलासरीच्या शाळेत मराठी शिकवायची, रिटायर झाल्यावर डहाणूच्या चिकूवाडीतल्या घरात एकटीच राहायची. मी एमए करतेय आणि प्रोजेक्टला ही कविता घेतलीय. बेटावरचं एक घर, दोन बहिणी, त्यातली एक मरते आणि शेवटच्या भागात मागे राहिलेली घरातल्या एकेका वस्तूशी बोलत बसते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच एक ओळ परत येते. मला छंद, यमक, पुनरावृत्ती असं सगळं लिहायचं होतं. मला डॅनिश डिक्शनरी घेऊन जेमतेम कळते, आत्याला तर अजिबात नाही. पण पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं मात्र, ही बाई चिकू निवडायचे सोडून ओट्यावर कान लावून बसली!

आधी तिने मराठीच्या बाई करतील तेच केलं, लघु-गुरू. मोठा चिकू गुरू, छोटा लघु, एकेक ओळ ओट्यावर मांडत गेली. एक ओळ दुसरीसारखी येईल तर शपथ. "अगं, ही माणसं अर्धा शब्द गिळतात! घरी जेवायला देत नाहीत का यांना?" कुंपणापलीकडून निर्मलाकाकू ओरडल्या, "शीला, बाजारात पाठवायचेत ना ते? की कवितेतच पिकवणारेस?" मी हसून हसून लोळले. मग आत्याने चिकू बाजूला सारले, डोळे मिटले आणि हळदीच्या गाण्याला धरतात तशी टाळी धरली... आणि बसलं! ओळीत चार ठोके. मधे अक्षरांची गर्दी कमीजास्त होते, ठोका हलत नाही. यमक एकाआड एक. "मोजत काय बसलो आपण," आत्या म्हणाली, "हे वाजवायचं होतं." आणि ती परत येणारी ओळ? "ती तर झील गं!" आमच्याकडे हळदीला एक बाई ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ मागून उचलते, ती झील. वाडीतल्या प्रत्येक हळदीला निर्मलाकाकू म्हणणार आणि आत्या झील धरणार, हे ठरलेलंच.

भांडण झालं ते शेवटच्या भागावरून. तिथे ती ओळ येतच नाही. कडवं संपतं, खाली नुसती कोरी जागा, मग पुढचं कडवं. माझी प्रत स्कॅन केलेली, म्हणून मी म्हणत होते की छापताना ओळ उडालीय, आणि आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनाही तेच वाटत होतं. आत्या फोनवर तापलीच. "उडालेली नाही. बहीण गेली ना तिची? मग झील कोण धरणार?" म्हटलं, पुरावा दे. "लिही बाई, प्रत खराब आहे म्हणून लिही, मार्क मिळतील. पण तिचं सगळं दुःख तिथेच आहे, तेच पुसशील." तेच भांडण पुरं करायला मी निघाले होते.

गेल्या आठवड्यात वाडीत एका मुलीची हळद होती. निर्मलाकाकू नको नको म्हणत होत्या, बायकांनी ओढूनच बसवलं. काकूंनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. ती ओळ मांडवातल्या प्रत्येकीला पाठ होती हो! कोणीच उचलली नाही. नुसत्या टाळ्या चालू... एक, दोन, तीन, चार. पूर्ण ओळभर. मग काकूंनी पुढची ओळ घेतली. शेवटपर्यंत असंच, आणि कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

मी तिथून तडक आत्याच्या ओट्यावर गेले. कुलूपबंद दार, प्रिंट्स मांडीवर. शेवटचा भाग मोठ्याने वाचत गेले, कोऱ्या जागेशी आले की चार टाळ्या. प्रत्येक जागा बरोबर एका ओळीची होती, आत्या. प्रोजेक्टमध्ये मी लिहिलंय की इथे ओळ उडालेली नाही, राखून ठेवलीय. मॅडमना पटेल, न पटेल. मला ते तुला सांगायचं होतं आणि मी नुसत्या चार टाळ्या वाजवल्या...

तुमच्याकडे झालंय का असं? सगळ्यांना येत असलेली एखादी ओळ, आणि तिची जागा आली की घरातलं कोणीच ती म्हणत नाही?