शेवटचं कुसळ

आई गावी वारली. मला तिला माती देता आली नाही. दफन मी जेद्दातल्या खोलीत बसून मोबाइलवर बघितलं. आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस शेजारी जेवण पोचवतात. इथे ते माझ्या खोलीतल्या दोघांनी केलं. मग शुक्रवारी दोघं म्हणाले, "यल्ला, चल, वर डोंगरात ताइफला जाऊन येऊ." खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही.

घाटातले डोंगर भाजल्यासारखे तांबडे होते, कठड्यावर माकडं बसली होती. दोघं प्रत्येक वळणावर "बघ, बघ" म्हणायचे. मी बघायचो.

वर एका बागेत नुसते निवडुंग, आणि त्यांच्याभोवती जाळी. आमच्या गावात निवडुंगाचंच कुंपण घालतात! मी जाळीतून हात घातला आणि एक लाल बोंड मुठीत धरलं. बोटांत बारीक कुसळं भरली.

एकानं मला बाकावर बसवलं आणि गाडीतला चिमटा आणून कुसळं उपटायला घेतली.

"दुखतंय काय रे?"

"नाही."

बोटं लालभडक झाली होती. शेवटचं उरलं तेव्हा मी हात मागे घेतला.

"एवढं राहू दे," मी म्हटलं. "दुखलं तर सांगेन."