किशी की किसू

हिसाए ओनोदेरा बोलायला लागली की शिओगामातल्या बाया एकमेकींना कोपराने ढोसतात. वय सत्तरीच्या पुढे, जन्म याच बंदरातला, उमेदीची सगळी वर्षं माशांच्या वड्यांच्या कारखान्यात गेलेली, आणि बोलणं मात्र टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं. इथल्या माणसांना 'शी' आणि 'सू' वेगळे काढताच येत नाहीत. दोन्हींच्या मधला एक ओलसर आवाज निघतो. स्वतःच्या गावाचं नावदेखील त्यांच्या तोंडून धड निघत नाही. कुणाच्या तोंडी 'पाणी'चं 'पानी' होतं ना, तसंच हे. आणि त्याला फिदीफिदी हसणारी शहाणी माणसंही सगळीकडे सारखीच.

हिसाएची जीभही तशीच होती. एकोणिसाव्या वर्षी ती गायिका व्हायला तोक्योला गेली तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या, गळा आणि ही जीभ. गळा ऐकून रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली आणि जीभ ऐकून कपाळाला हात लावला.

"आवाज सोनं आहे गं पोरी तुझा, पण तोंड उघडलंस की मासळीबाजार आठवतो. जीभ सरळ कर, मग रेकॉर्ड काढू. तोवर कारीउता गा."

कारीउता म्हणजे कच्चं गाणं. नवं गाणं आधी हिसाएसारख्या एखादीने टेपवर गाऊन ठेवायचं, मग ती टेप ऐकून नावाजलेल्या बाईने ते शिकायचं आणि पक्कं गायचं. कच्चं गाणारीने त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम. हिसाए कच्चं गायची आणि भाड्याच्या खोलीत येऊन दातांत जेवायच्या चॉपस्टिकची काडी आडवी धरून 'शी, सू, शी, सू' घोकायची. ओठांच्या कडा फुटायच्या, रक्त यायचं. रेकॉर्ड निघणार होती ना!

असंच एक कच्चं गाणं बंदरावर वाट पाहणाऱ्या बाईचं होतं. शेवटची ओळ अशी की, उजाडेपर्यंत तूच माझी किशी हो. किशी म्हणजे किनारा. हिसाएला त्या ओळीला आई आठवली, मासळीच्या धक्क्यावर उभी असलेली, आणि जीभ घसरली. किशीचं जवळजवळ किसू झालं. किसू म्हणजे चुंबन. काचेपलीकडचे लोक पोट धरून हसले. पुन्हा गाते म्हणाली, तर साहेब म्हणाले, "राहू दे, कच्चंच तर आहे."

ती टेप मिओरी कुजो या नावाजलेल्या गायिकेकडे गेली. मिओरी तोक्योचीच, लाडाकोडाची. तिने श्वासासकट सगळं उचललं आणि चूकही उचलली. त्या वर्षी गाण्याने देश वेडा केला. न्हाणीघरात, नूडल्सच्या टपरीवर, जिथे जावं तिथे तेच. किनारा म्हणाली की चुंबन, यावर पुरुषमंडळी वाद घालत आणि लाजत. हिसाए धावत साहेबांकडे गेली. आता तर तिच्या जिभेला देशाने पसंत केलं होतं.

साहेब म्हणाले, "अगं, तिच्या तोंडी ते गोड लागतं, कारण ती तिथली नाही. तुझ्या तोंडी ते नुसतं गावठी आहे."

ती आणखी काही वर्षं काडी चावत राहिली. जीभ अखेर सरळ झाली, पण तोवर साहेब बदलले, गाण्यांची तऱ्हा बदलली. ती गावी परतली, कारखान्यात लागली, लग्न केलं. नवऱ्याला एकदाच सांगितलं, तर तो म्हणाला, "हो का? मग वड्या जरा सुरात वळत जा." पुढे तोही मेला बिचारा. त्या उत्तरानंतर तिने कुणाकडेच विषय काढला नाही.

परवा मिओरी वारली. तोमिएच्या हॉटेलात, जिथे म्हातारी मंडळी दुपारी चहा पीत पडद्यावरचे शब्द बघून जुनी गाणी गातात, तिथे शोकाची मैफल ठरली. तोमिए ही हिसाएची शाळेतली मैत्रीण. तिने साप्ताहिकातला मिओरीचा फोटो कापून टेबलावर ठेवला, पुढे दोन संत्री ठेवली. गाण्याचे मास्तर अकामा बोलायला उभे राहिले.

"त्या शेवटच्या ओळीतली गंमत बघा. किशी आणि किसू यांच्या बरोब्बर मध्ये! गाणं लिहिणारे कवी टीव्हीवर सांगत होते, ती जागा सापडायला त्यांना महिने लागले. ह्याला म्हणतात कला. नाहीतर आपण! आपण दिवसभर तेच करतो, पण त्याला म्हणतात अडाणीपणा."

सगळे खो खो हसले. हिसाएचं डोकं सणकलं. मिओरी गेली, साहेब तर केव्हाच गेले, आता कोणाची भीती?

"ती जागा माझी आहे," ती म्हणाली. "कच्चं गाणं मी गायले होते. कवीला काही सापडलं नव्हतं. माझी जीभ घसरली होती."

मग मास्तर फार सभ्यपणे म्हणाले, "ओनोदेरा-सान, माणूस गेल्यावर असं बोलू नये."

"आन् घसराया तुझी जीभ कवा वाकडी व्हती गं?" तोमिए म्हणाली. "आमच्यात बसून तू बातम्या देतीस."

"होती तोमिए. तुला आठवत नाही?"

तोमिएने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "बरं बाई, मग गाऊन दाव. घ्या वो मास्तर, लावा तिला ते गाणं."

हिसाएने माईक घेतला. गळा लागला. पहिलं कडवं संपेपर्यंत मास्तरांचा चहा हातात तसाच राहिला होता. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी डोळे पुसले. तिला खात्री वाटली, आता यांना कळणार. फक्त आईसारखं म्हणायचं होतं, बस्स. शेवटची ओळ आली.

"किशी," ती गायली. स्वच्छ, कोरडं, तोक्योचं.

तिने मास्तरांना खूण करून ओळ पुन्हा लावायला सांगितली. या वेळी मुद्दाम जीभ सैल सोडली, तर निघालं "किसू". तेही तितकंच स्वच्छ. तिसऱ्यांदा पुन्हा किशी. एकीकडे किनारा, दुसरीकडे चुंबन, आणि मधलं काहीच उरलेलं नव्हतं. रक्त येईपर्यंत तिने स्वतःच ते खरवडून काढलं होतं.

"छान गायलात हो," मास्तर म्हणाले आणि टाळ्या पडल्या, दयेच्या. "ती मधली जागा सगळ्यांना नाही जमत. पुढचं कोण?"

हिसाए जागेवर येऊन बसली. तोमिएने तिच्यापुढे चहा ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नगं. तेवढी खिडकी लाव, किशीवर वारा सुटलाय."

तोच आवाज. किशी नाही, किसू नाही, बरोब्बर मधला. तोमिएला पत्ताही नव्हता, आणि मास्तर पुढचं गाणं शोधत होते. हिसाए उठली आणि तिने खिडकी लावली.