इसबगोलाचे लाडू

दहा वर्षांच्या पोरीला कोलेस्टेरॉल! आमच्या घराण्यात इतक्या लवकर कुणाला काहीच मिळालेलं नाही. मला साधी नोकरी मिळायला सत्तावीस वर्षं लागली.

इकडे हिंदी मुलखात, आमच्या सुपेल्याच्या वस्तीतल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि आधी हेच विचारलं की घरात कुणाला हार्टचा त्रास होता का. माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी इथल्या स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवरच वारले. ते सांगताना पोरीकडे पाहिलं. ही त्याच रस्त्यानं निघाली तर? बाईंनी तळलेलं, तुपातलं बंद केलं. रोज एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं. निघताना म्हणाल्या, "पापा, आप भी अपना टेस्ट करा लीजिए." मी एकेचाळीस वर्षांचा समजूतदार माणूस, लगेच मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

घरी पोरीनं एक घोट घेतला. "छी! बाबा, ये तो गोंद है!" घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तक्रार करायची असली की ती हिंदीत जाते. मी तिला आरोग्यावर भाषण दिलं. तोवर ग्लासातल्या पाण्याची खळ झाली.

आईला नातीची दया आली. आमच्या भंडाऱ्याकडच्या बायकांचं वैद्यकशास्त्र फार सुटसुटीत आहे: जे गिळलं जात नाही, ते तुपात भाजा. तिनं कणीक, गूळ, डिंक घेतला, हात सैल सोडून तूप घातलं आणि वरून इसबगोलाचा अख्खा डबा.

"आई, बाईंनी पाण्यात सांगितलं होतं."

"औषध पोटात जाऊन राहिलं ना? मग कावून कटकट करतं?"

मला पटलं. पटणारच, समोर ताट होतं. पोरगी मागून मागून खायची. फायबर अंगाला चांगलं म्हणून मीही रोज दोन खायचो. आजारपणात इतकं सुख आमच्या घरानं आधी पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी आकडा वाढलेला! बाईंनी विचारलं, इसबगोल कसं घेतेस? पोरगी सत्यवचनी. "लड्डू में." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी तत्काळ सुपुत्राचं कर्तव्य बजावलं आणि सगळं आईवर ढकललं: जुनी माणसं, ऐकत नाहीत, काय करणार.

"और आपका टेस्ट?"

"शिफ्ट असते ना, मॅडम. टाइमच नाही मिळत."

आईही आमच्याबरोबर आली होती, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती उठली.

"बाई, लाडू माह्या हातचे. मले बोला, मी ऐकून घेतो. पण टाइम याच्या बाबालेबी नव्हता. पंधरा दिवस छाती चोळत ड्यूटीवर गेले. दवाखान्यात चला म्हटलं की माह्यावरच चिडत. याले टाइम आहे, बाई. हा भेते. याचं रगत आजच काढा."

मला भयंकर राग आला. भर दवाखान्यात! झाडून सगळे माझ्याकडे पाहत होते, सुई घेऊन आलेली नर्ससुद्धा.

पोरीनं माझी बाही ओढली. "बाबा, सच में डर लगता है?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"हो," म्हणालो, आणि बाही वर केली.