भाग्यानं चोखलेला नमुना

मंगळवारी सकाळी मंडी मोहल्ल्यात बातमी फुटली की पवनकुमारच्या बायकोचं, भाग्याचं, काही खरं नाही. हात कोपरापर्यंत निळे पडलेत, डॉक्टरांनी आशा सोडली. बातमी शेजारच्या भवानीबाईंच्या ओट्यावरून निघाली आणि भाजीच्या गाडीबरोबर चौथ्या गल्लीत पोचली. तिथल्या दोघी तर डोळे पुसत, मोसंबी घेऊन भेटायला आल्या. दार भाग्यानंच उघडलं. मोसंबी ठेवून घेतली, दोघींना कॉफी पाजली. हात निळेच होते, पण तो रोग नव्हता, रंग होता.

झालं होतं असं. तिरुपूरच्या एका कपडे शिवणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्याची माणसं बोगादीतल्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, कामगार निवडायला येणार होती. शिवणाऱ्या पुष्कळ हव्या होत्या, पण नमुन्याला रंग जुळवणारं माणूस एकच. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि पगार असा की ऐकून भाग्याच्या मांडीवरच्या अगरबत्त्या जमिनीवर सांडल्या. बारा वर्षं ती घरी बसून त्याच वळत होती. त्यात तांदूळ भागला की गॅस अडायचा. पवनकुमार लग्नात पंगती वाढायचा; मुहूर्त संपले की घरी बसून स्वतःच्याच ताटाकडे बघायचा. ही जागा हुकली असती तर लेकीचं, नव्याचं, कॉलेज सुटून पोरगी आईशेजारी अगरबत्त्या वळायला बसणार, हे ठरल्यातच जमा होतं.

रंगातलं भाग्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण सासरे कृष्णाजी रंगाऱ्यांच्या घरातले. वीस वर्षांपूर्वी भट्टी विझली, तेव्हापासून रंगाच्या तपेल्यात आंघोळीचं पाणी तापत होतं. सुनेनं विचारल्यावर म्हातारा आधी हसला, मग असा काही रंगात आला की पंधरा दिवस गच्चीवरून धूर हटेना. घरातलं एकही पांढरं कापड वाचलं नाही. पवनकुमारचा वाढपाचा पंचा वांगी रंगाचा झाला. तोच गुंडाळून त्यानं दोन लग्नं वाढली.

बोगादीत त्या जागेसाठी नऊ जण उभे होते. नऊ शेगड्या, नऊ पातेली, मध्ये टेबलावर मोरपंखी कापडाचा एक तुकडा. निवड करणारे व्यासराज त्यांच्या शर्टाइतकेच कडक. नमुना परदेशी गिऱ्हाइकाचा आहे, लांबून बघा, हात लावू नका, अशी तंबी त्यांनी सुरुवातीलाच दिली. बाकी आठांकडे कारखान्यांचा अनुभव होता. भाग्याकडे वांगी पंचा.

रंग चढू लागला. एकेक जण कापड वर काढून लांबूनच नमुन्याशी ताडू लागला. भाग्याही टेबलाशी गेली, आणि पंधरा दिवसांच्या सवयीनं घात केला. तिनं नमुना उचलला, त्याचं टोक तोंडात घालून मस्त चोखलं आणि त्या ओल्या टोकाशेजारी आपलं ओलं कापड धरलं. कृष्णाजी असंच करायचे. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की फिकं पडतं. म्हणून ओल्याशी ओलंच ताडायचं. गच्चीवर पाणी आणायला कोण उठतंय, त्यापेक्षा थुंकी बरी.

व्यासराजांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. नमुना उष्टा केलास, घरी जा, असं त्यांनी कन्नडमध्ये सुनावलं. भाग्याच्या डोळ्यांसमोर अगरबत्त्या वळणारी नव्या उभी राहिली. भाग्या जागची हलली नाही.

"जाते, सर. पण माझं कापड वाळेपर्यंत थांबू द्या."

व्यासराज नुसते फणफणले. नाही मात्र म्हणाले नाहीत. तेवढ्यात तिनं कापड पुन्हा पातेल्यात बुडवलं, कारण ओल्या टोकापेक्षा ते अजून दोन बोटं फिकंच होतं. बाकीच्यांची कापडं दोरीवर चढली होती, हिचं अजून उकळतच होतं. शेवटी दोरीवर गेलं तेव्हा ते जवळजवळ काळं दिसत होतं. शेजारचा फिदीफिदी हसला.

मग ऊन कामाला लागलं. पहिलं कापड आकाशी झालं, दुसरं पोपटी, तिसरं आजाऱ्यासारखं पांढुरकं. शेजाऱ्याचं हसू त्याच्या कापडाबरोबरच उतरलं. भाग्याचं कापडही उतरत उतरत आलं. मोरपंखीपाशी येऊन ते थांबलं. व्यासराजांनी त्यावर नमुना ठेवला तर नमुना दिसेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी दिसेना. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मामंजींनी, असं तिनं सांगितलं. सोमवारी हजर व्हा, म्हणाले. मात्र कारखान्यात नळ आहे, तोंडाचं काम पडणार नाही.

रविवारी सकाळी रिक्षा गल्लीत आली. कृष्णाजी दारात ताठ उभे, जणू नोकरी त्यांनाच लागली होती. पवनकुमारनं वाटेसाठी लिंबू पिळलेला चित्रान्नाचा भात बांधला होता, आणि बॅगेवर बसून नव्या तिची चेन ओढत होती. तेवढ्यात भवानीबाई ओट्यावर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अय्यो भाग्या, नवऱ्याला इथं टाकून एकटीच निघालीस? आता लोकांना मी काय सांगू?"

भाग्या रिक्षात बसली, निळे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मी मरायला टेकले हे न विचारता सांगितलंत, अक्का. नोकरी लागली हेही तसंच सांगा."