मुठीवरचा घोडा

नीरजाच्या नाकावर राग बसलेलाच असतो, असं परदेशातल्या वेरिबी गावातलं मराठी मंडळ म्हणतं. खरं म्हणजे बाई पुण्याहून इथे आली तीच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीवर, आणि चूक दिसल्यावर गप्प बसायचा पगार तिला कोणी कधी दिला नाही. तिने लग्न केलं फौझानशी. तो इंडोनेशियातल्या मादुरा बेटावरचा. मंडळाच्या प्रत्येक गणपतीत टेबलं उचलायला, पातेली घासायला फौझान सगळ्यांच्या पुढे. पण आभाराच्या पत्रकात कायम 'नीरजा आणि परिवार'. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हाही मंडळाच्या ग्रुपवर 'नीरजाचे मिस्टर' गेले.

यंदा दसऱ्याच्या आधी मंडळाचा अध्यक्ष यतिन स्वतः तिच्या दारात उभा राहिला. फौझानच्या आजोबांची केरिस, म्हणजे तिकडचा नागमोडी खंजीर, त्याला शस्त्रपूजेत मांडायची होती. नीरजा हरखली. उशिरा का होईना, माणसाची आठवण झाली, असं तिला वाटलं.

दसऱ्याला हॉलवर पोचून तिने केरिस यतिनच्या हातात दिली, चपला काढून वळली, तोवर ती मांडून खाली पाटीही लागली होती: 'मराठा कट्यार, सतरावे शतक.'

"यतिन, हे काय?"

"अगं, मुठीवर घोडा कोरलाय ना! घोडा म्हणजे आपलाच."

"त्याला पंख आहेत."

"आर्टिस्टला वाटलं, काढले. चिल, मेट."

नीरजाचा पारा चढला. "कट्यारीला दोन दांड्यांमध्ये आडवी मूठ असते. ही बघ, पिस्तुलासारखी वाकलेली. पातं मुठीपाशी एका अंगाला रुंद होतं, ही केरिसची पहिली खूण. आणि लाकडावर इतकी दाट वेलबुट्टी, त्यात पंखांचा घोडा, हे मादुराचं काम. पातं कदाचित जावाचं असेल. फौझान म्हणायचा, पात्याला त्याचं गाव वेगळं विचारायचं, मुठीला वेगळं. पण मराठ्यांचं यात काहीच नाही."

"कोणाला कळणारे? मुलांना प्राउड वाटेल. आणि पूजेत त्याचं नाव कसं लिहू? लोक बोलतील."

आता कुठे पोटातलं ओठावर आलं. वस्तू हवी, माणूस नको! नीरजाने पाटीचे दोन तुकडे केले.

"मग उचल ती," यतिन म्हणाला.

"नाही उचलणार. मांडलेलं शस्त्र पूजेआधी कोणी हलवत नाही. आणि ही तूच मागून आणलीस."

तेवढ्यात केतन गुरुजी आले आणि पूजा सुरू झाली. इथल्या पद्धतीप्रमाणे ज्याचं हत्यार त्याने माइकवर नाव-गोत्र सांगायचं. कोणाचा लॅपटॉप, कोणाची ड्रिल मशीन, कोणाची क्रिकेट बॅट. शेवटी गुरुजी केरिसपाशी आले.

"हळदकुंकू नको, फूल वाहा," नीरजा म्हणाली. "त्याच्या घरीही फुलंच वाहायचे."

"बरं. नाव, गोत्र?"

यतिन डोळे वटारून मान हलवत होता. नीरजाने माइक स्वतःकडे ओढला.

"नाव फौझान. गोत्र मादुरा."

गुरुजींनी एकदा यतिनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग झेंडूचं फूल उचललं, घसा साफ केला, आणि इतकी वर्षं ज्याने याच हॉलमधली टेबलं उचलली त्याचं नाव पहिल्यांदा दोन्ही स्पीकरमधून घुमलं: "मादुरागोत्रोत्पन्नस्य फौझानस्य..."